'लोसो, टोगो' अशी चिठ्ठी लावलेली लाकडी आकृती: लेबल, लाकूड, भेग आणि आपला पावसाळा

काष्ठरेषा (धागा काढणारी)

युरोपातल्या एका लिलावातून ठाण्यात आलेल्या लाकडी आकृतीबद्दल जाणकारांचं मत हवं आहे. वर्णन नीट देते.

उंची ३४ सेमी, खांद्यापाशी रुंदी ७.५ सेमी, वजन ७६५ ग्रॅम. डोकं चेंडूसारखं गोल, त्यावर डोळे-नाक-तोंड काही नाही. मान जवळजवळ नाहीच. हात सरळ खाली सोडलेले, हात आणि धड यांच्यात करंगळी जाईल एवढी फट. पावलं उरलेली नाहीत, पायांची टोकं खाल्लेली. तळापासून ९ सेमीवर चारी बाजूंनी आडवा काळपट पट्टा. पुढची बाजू तपकिरी, पाठ राखाडी. पाठीत डोक्यापासून कमरेपर्यंत उभी भेग, सर्वांत रुंद जागी ४ मिमी. छातीवर वाळलेल्या पिठासारखा खरबरीत थर. दोन्ही पायांत १ ते १.५ मिमीची गोल भोकं. तळाला कागदी चिठ्ठी, निळ्या शाईत 'लोसो, टोगो', बाकी काही नाही.

प्रश्न चार. लोसो हे बरोबर आहे का? भेग भरावी का? जवसाचं तेल लावावं का? आणि भोकांचं काय करायचं?

---

सवानावाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

'लोसो' हे मुळात बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे. टोगोच्या उत्तरेला कारा शहराच्या पुढे न्यामटुगू लागतं, त्या परिसरातल्या लोकांना जर्मन (१८८४ ते १९१४) आणि नंतर फ्रेंच प्रशासनाने सरसकट हे नाव लावलं. त्यात निदान दोन समाज येतात. एक नावदेबा, त्यांची भाषा नावदम. दुसरे लांबा, त्यांची भाषा लामा. दोन्ही भाषा गुर कुळातल्या, पण शाखा वेगळ्या. लामा ही शेजारच्या काबिये भाषेच्या जवळची. त्यामुळे नुसतं 'लोसो' लिहिलेली चिठ्ठी फार तर परिसर सांगते. कोणी, कोणासाठी, कोणत्या गावात कोरली, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

चेहरा नसलेलं गोल डोकं, मान नाही, हात सरळ खाली, अंगावर एकही नक्षी नाही, हे सगळं ऐकून आधी आठवतात त्या मोबा लोकांच्या 'चिचेरी', म्हणजे पूर्वजांच्या लाकडी आकृती. मोबा राहतात टोगोच्या अगदी वायव्य टोकाला, दापाँगच्या आसपास, आणि सीमेपलीकडे घाना व बुर्किना फासोमध्येही. त्यांच्या आकृतींचे तीन प्रकार मानले जातात.

येंदू चिचेरी सर्वांत लहान, साधारण वीतभर, एका व्यक्तीच्या वैयक्तिक पूजेच्या स्थानावर ठेवलेल्या. बावाँग चिचेरी मध्यम, कुटुंबाच्या स्थानावरच्या, आई-वडील-आजोबांच्या पिढीशी जोडलेल्या. साकवा चिचेरी सर्वांत मोठ्या आणि जुन्या, कुळाच्या मूळ पुरुषाच्या, पायाकडून जमिनीत पुरलेल्या. कुटुंबावर काही आलं की माणूस देवऋषीकडे जातो, तो आकृती करायला सांगतो, मग ती कोरली जाते. कोरण्याचा अधिकारही देवऋषीच्या मुलाला. भलत्याने कोरली तर त्याच्यावर अरिष्ट येतं असं मानतात. ही बाजारासाठी कोरण्याची गोष्टच नव्हती. चेहरा नाही यात कोरणाऱ्याची कमतरता शोधू नये, कारण ही व्यक्तिचित्रं नव्हेत. पूर्वजाला 'जागा' द्यायची, मुखवटा नाही.

मग तुमची आकृती मोबा म्हणायची का? नुसत्या आकारावरून मी म्हणणार नाही. बाजारात मोबा हे नाव माहीत झालेलं आहे, त्याला किंमत येते, म्हणून उत्तर टोगोची प्रत्येक साधी आकृती मोबा ठरवली जाते. जुनी चिठ्ठी लोसो म्हणत असेल तर तो पुरावा आहे, कितीही तोकडा असला तरी. ती काढू नका, ओली करू नका. फोटो काढून ठेवा, अक्षराचा आणि कागदाच्या कडांचाही.

---

वाकस

मी लाकडाकडून येतो. आधी एक मोजमाप करा, म्हणजे बरंच कळेल: घनता.

पाण्यात अजिबात बुडवायची नाही. आकृती पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळा (दाणे भेगेत जाऊ नयेत म्हणून). एका डब्यात उभी करा, वरून मोहरी ओता, डबा हलकेच ठोकून काठोकाठ भरा आणि पट्टीने सपाट करा. मग आकृती काढून तोच डबा पुन्हा मोहरीने काठोकाठ भरा. दोन्ही वेळच्या मोहरीतला फरक म्हणजे आकृतीचं घनफळ. तीनदा करून सरासरी घ्या, कारण मोहरी प्रत्येक वेळी सारखी दबत नाही. काम झालं की मोहरी घरातून बाहेर, आकृतीजवळ ठेवू नका.

तोवर भेगेबद्दल. तुमची भेग हा अपघात नाही, ती रचनेतच आहे. अख्ख्या ओंडक्यातून, मधला गाभा आत ठेवून आकृती कोरली की ती फाटणारच. लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मं केंद्राकडे आक्रसतं. बाहेरचा घेर लहान व्हायला बघतो, आतला गाभा त्याला होऊ देत नाही, मग सर्वांत कमजोर जागी घेर तुटतो. म्हणून भेग नेहमी बाहेर रुंद आणि गाभ्याकडे निमुळती, पाचरीसारखी. टॉर्च टाकून बघा, तशीच दिसेल.

कोरण्याचा क्रम समजला तर हात खाली सरळ का, हेही समजतं. झाड ओलं असतानाच कोरतात, तेव्हाच वाकस (सुताराचं तासायचं हत्यार) खोल बसतो. ओंडका उभा धरून आधी तीन-चार आडवे घाव: डोक्याखाली, कमरेपाशी, पायांच्या सुरुवातीला. आडवा घाव आधी आणि त्याला भेटणारा उभा तास नंतर, हा क्रम चुकला तर चिरफळी रेषेबरोबर धावते आणि खांदाच घेऊन जाते. पायांच्या मधला भाग काढताना हे सर्वाधिक होतं. खालून पाचरीसारखं तासत वर जायचं आणि जांघेपाशी आधीच दिलेल्या आडव्या घावाला थांबायचं. तो घाव नसेल तर चीर पोटात शिरते.

हात धडाला समांतर, म्हणजे लाकडाच्या रेषा हाताच्या लांबीने जातात, म्हणून बोटाएवढा जाड हातही टिकतो. तोच हात आडवा पुढे काढला तर रेषा आडव्या कापल्या जातात आणि हात पहिल्या पडझडीत तुटतो. पावलांचं तेच. पुढे आलेलं पाऊल म्हणजे आखूड रेषांचा तुकडा, सगळ्यात आधी ते जातं.

ठशांसाठी तिरका प्रकाश द्या. वाकसाचा ठसा म्हणजे उथळ, किंचित खोलगट खवला, नखाएवढा ते अंगठ्याएवढा. चाकूचा ठसा अरुंद, सपाट, लांबट. गुळगुळीत करायला पश्चिम आफ्रिकेत एका जंगली उंबराची खरखरीत पानं घासतात. हे झाड आपल्याकडेही आहे, कोकणात त्याला खरवत म्हणतात आणि लाकूड घासायला इथेही ती पानं वापरात होती. पानाने घासलेल्या अंगावर खवल्यांच्या कडा बोथट होतात पण खवले राहतात. सँडपेपर मारलेला असेल तर समांतर बारीक ओरखडे दिसतात आणि खवले पुसलेले असतात.

---

दमट हवा

प्रश्न २, ३, ४ माझे.

भेग भरू नका. युरोपातल्या हिवाळ्यात, गरम केलेल्या खोलीत आर्द्रता ३०-३५ टक्के असते, लाकडात ६-७ टक्के पाणी उरतं. ठाण्यात जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास, तिथे तेच लाकूड १८ टक्क्यांकडे जातं. म्हणजे ४ मिमीची भेग श्रावणात अडीच-तीनवर येईल आणि जानेवारीत पुन्हा उघडेल. तिला मोकळीक लागते. तुम्ही कोरड्या दिवसांत भुसा आणि फेविकॉल किंवा एपॉक्सी भरला, की पावसाळ्यात लाकूड फुगतं, भेगेला मिटायचं असतं, मध्ये पाचर बसलेली असते. मग आकृती दुसरीकडे फुटते, बहुधा डोक्यात.

जवसाचं तेल नको. खोबरेल नको, फर्निचर पॉलिश नको. जवसाचं तेल वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि एकदा झालं की परत निघत नाही. वर्षागणिक काळपट पडतं, धूळ धरून ठेवतं. तुमच्या आकृतीची एक बाजू राखाडी आणि एक तपकिरी हा फरक पहिल्याच हाताला पुसला जाईल.

छातीवरच्या थराला तर हातही लावू नका. या पट्ट्यातल्या स्थानांवर ज्वारी-बाजरीचं पीठ पाण्यात कालवून, ज्वारीची बिअर, कोंबड्याचं रक्त वाहतात. तो थर म्हणजे त्याचीच पुटं असू शकतात. आपल्याकडे शेंदराची पुटं चढून दगडाचा मूळ आकार दिसेनासा होतो, तसंच हे. तो थर दमट हवेत पाणी ओढतो, मऊ पडतो, बुरशी धरतो. ओल्या कापसाने पुसला तर विरघळून लाकडात मुरतो.

किडीसाठी. आधी जिवंत आहे का ते बघा. जुन्या भोकाचा आतला भाग काळपट, धूळ बसलेला. नव्याचा फिकट, स्वच्छ. आकृती काळ्या कागदावर उभी करा आणि रोज सकाळी बघा. मैद्यासारखी बारीक पूड पडली तर भुंगेऱ्याची अळी आत काम करते आहे. १ ते २ मिमी भोक आणि अशी पूड ही त्या भुंगेऱ्याची खूण, तो बाहेरच्या पांढऱ्या, पिठूळ लाकडावर जगतो. पूड नसेल तरी निर्धास्त होऊ नका, अळी महिनोन्महिने आत असते.

उपाय फ्रीझरचा:

१. आकृती साध्या सुती कापडात किंवा आम्लरहित टिश्यूत गुंडाळा, म्हणजे आतली वाफ कापड धरेल.
२. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून जमेल तेवढी हवा काढा, तोंड चिकटपट्टीने पूर्ण बंद.
३. घरगुती खोल फ्रीझर उणे १८ ते उणे २० अंश, पूर्ण १४ दिवस. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर नको, त्यात तापमान वरखाली होतं.
४. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. घाई केली तर गार लाकडावर दव साचतं आणि तुम्ही कीड मारून बुरशी आणता.
५. नंतर तीन-चार महिने पुन्हा काळा कागद.

धान्यात टाकतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्या घरात अजिबात वापरू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो, तांब्या-पितळेलाही खातो.

---

काष्ठरेषा

मोहरीचं केलं, तीनदा. घनफळ ९४०, ९६५, ९५०, सरासरी ९५२ घन सेमी. म्हणजे घनता साधारण ०.८ ग्रॅम प्रति घन सेमी. तिरक्या प्रकाशात खांद्यांवर खवले दिसतात, कडा बोथट. भेग आत निमुळती होते. काळ्या कागदावर सहा दिवसांत काही नाही.

एक शंका: काळा पट्टा जमिनीत पुरल्यामुळेच का? भिंतीलगतच्या ओलीने नाही होणार?

---

वाकस

०.८ म्हणजे जड लाकूड. दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात मुखवट्यांना वापरतात ते आपल्या सातविणीच्या भाऊबंदांतलं हलकं लाकूड याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. लोमेच्या (टोगोची राजधानी) किंवा घानाच्या बाजारासाठी घाईने कोरलेली वस्तू सहसा अशा हलक्या लाकडाची असते, कारण ते लवकर कापलं जातं. सवानातली, म्हणजे उत्तरेच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातली झाडं सावकाश वाढतात, लाकूड घट्ट. तिथल्या शिआ नावाच्या झाडाच्या लाकडाला तर वाळवीही सहज लागत नाही. तुमचं लाकूड शिआ आहे असं मात्र घनतेवरून म्हणता येत नाही. त्यासाठी रेषेचा आडवा छेद भिंगाखाली बघावा लागतो.

पट्ट्याबद्दल. पुरलेलं लाकूड सर्वांत जास्त कुजतं ते जमिनीच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने आणि लगेच खाली. खोलवर हवा कमी, वर ओल कमी, मधल्या त्या चार बोटांत दोन्ही मिळतात. कुंपणाचा डांब बघा, तिथेच मोडतो. लाकडात २० टक्क्यांच्या वर पाणी राहिलं की बुरशी काम सुरू करते. सुईचं टोक हलकेच टेकवून बघा (टोचू नका): पट्ट्यापाशी लाकूड मऊ आणि त्याच्या वर कडक असेल तर ती पुरल्याची खूण. भिंतीच्या ओलीने झालेला डाग एका बाजूला जास्त असतो, चारी बाजूंनी एका उंचीवर येत नाही.

पायांची टोकं वाळवीने खाल्ली असतील तर खळगे रेषेच्या दिशेने लांबट आणि आत मातीचा लेप असतो. भुंगेऱ्याची भोकं गोल आणि आत पूड, माती नाही.

---

निकष

थोडा विरोधी सूर लावतो. वर सांगितलेली प्रत्येक खूण नकली करता येते, आणि उत्तर टोगोच्या आकृतीत ते सोपं आहे, कारण चेहरा-नक्षी कोरायची नाही, अंग झिजवलं की झालं. पण नक्कल करणारा कुठेतरी एकसारखेपणा ठेवतोच, तिथे धरावं.

झीज. उन्हात-पावसात उभ्या आकृतीत रेषांमधलं मऊ लाकूड आधी जातं, कडक रेषा उभ्या राहतात, आणि ते ज्या बाजूला हवामान लागलं तिथेच. तारेच्या ब्रशने केलेली झीज सगळीकडे सारखी, काखेतही. हात आणि धड यांच्या फटीत आरसा घालून बघा, तिथे पाऊस पोचत नाही, तिथे लाकूड गुळगुळीतच हवं.

भेग. जुन्या वस्तूत भेग बहुतेक वेळा वरचा थर चढायला लागण्याआधी किंवा चढत असताना पडते, म्हणून तिच्या तोंडाशी थर, आत धूळ, आणि सर्वांत आत स्वच्छ लाकूड. भेगेच्या तळापर्यंत एकच तपकिरी रंग पोचला असेल तर डायमध्ये बुडवलेली. लाकूड झटपट काळवंडायला पोटॅशियम परमँगनेटही लावतात, त्याने येणारा तपकिरी रंग सगळ्या अंगावर एकाच छटेचा असतो.

माती. खऱ्या पुरलेल्या वस्तूत माती लाकडाच्या छिद्रांत गेलेली असते. लावलेली माती खळग्यांत भरलेली, उंचवट्यांवर नाही, आणि कोरड्या कुंचल्याने निघते.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च (३६५ नॅनोमीटरचा) अंधारात मारा. लाख नारिंगी चमकते. वार्निश किंवा लाख दिसली तर ती कोणीतरी नंतर लावलेली.

आणि कार्बन-१४वर (लाकडाचं वय काढायच्या चाचणीवर) पैसे घालवू नका. साधारण १६५० ते १९५० या काळात त्याचा आलेख इतका आडवातिडवा आहे की २०० वर्षं जुनं आणि ८० वर्षं जुनं यात तो फरक करू शकत नाही. एकच गोष्ट तो खात्रीने सांगतो: झाड १९५५ नंतर वाढलं की आधी, कारण अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ १९६३-६४पर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. तेही झाडाचं वय, कोरल्याचं नाही.

---

सवानावाट

निकष यांच्याशी सहमत, पण एक भर. इतकं तपासून 'खरी' ठरली तरी दुसरा प्रश्न उरतो: ही आपल्या जागेवरून निघाली कशी? पुरलेली पूर्वजाची आकृती कुळातला माणूस सहज विकत नाही. काही जुन्या झाल्यावर टाकल्या जातात, काही धर्म बदलल्यावर निघतात, आणि बऱ्याच चोरीला जातात. म्हणून लिलाववाल्याला लेखी विचारा: युरोपात कोणत्या वर्षी आली, आधी कोणाकडे होती, आधीच्या विक्रीचा क्रमांक किंवा जुना फोटो आहे का. सांस्कृतिक वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७०चा, भारताने तो १९७७मध्ये स्वीकारला. १९७०च्या आधी टोगोबाहेर आल्याचा कागद असेल तर जपून ठेवा. नसेल तर तेही नोंदवा.

तुलनेसाठी स्टुटगार्टच्या लिंडेन म्युझियममध्ये जर्मन काळातला टोगोचा मोठा संग्रह आहे. पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाची यादीही ऑनलाइन आहे. तिथे शोधताना 'लोसो' बरोबर 'नावदेबा', 'लांबा' आणि 'न्यामटुगू' टाकून बघा, जुन्या नोंदी वेगवेगळ्या नावांखाली विखुरल्या आहेत.

---

काष्ठरेषा

पट्ट्यापाशी मऊ, वर कडक. फटीत आरसा घातला: आतून गुळगुळीत. टॉर्चला काही चमकलं नाही. भेगेच्या तळाशी फिकट लाकूड आहे. लिलाववाल्याला पत्र पाठवलं.

आता ठेवायची कशी? पायांवर उभी राहत नाही.

---

दमट हवा

पायात खिळा किंवा सळई ठोकून स्टँड करतात, ते करू नका. तो भाग आधीच कुजका आहे, खिळा धरणार नाही आणि चीर वर जाईल. दोन गोष्टी चालतात. एक, आडवी ठेवणं: पॉलिथिनच्या फोममध्ये आकृतीच्या आकाराचा खड्डा कापून, वर धुतलेलं बिनरंगी सुती कापड, भेग वरच्या बाजूला. दोन, मागे पितळेची पातळ दांडी आणि कमरेला दोन बोटांचा आधार, आधाराला फेल्ट. वजन आधाराने घ्यायचं, पायांनी नाही.

वर अॅक्रिलिकची पेटी, आत डिजिटल आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवायचा प्रयत्न. आता लगेच कोरडं करू नका, आज जिथे आहे तिथून आठवड्याला दोन-तीन टक्क्यांनी खाली या. रात्री एसी आणि दिवसा उघडी खिडकी हा रोजचा झोका सर्वांत वाईट, त्यापेक्षा एसी नसलेली आतली खोली बरी. बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि ऊन टाळा.

थर सुटायला लागला किंवा पूड दिसली तर घरी प्रयोग नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, त्यांना विचारा.

---

सवानावाट

आणि पेटीत एक कार्ड ठेवा, पेन्सिलने लिहिलेलं (शाई ओलीने फुटते). मजकूर असा सुचवतो:

'उत्तर टोगो. तळाच्या जुन्या चिठ्ठीवर "लोसो", समाज निश्चित नाही (नावदेबा? लांबा?), घडण मोबा चिचेरीशी जुळती. ३४ सेमी, ७६५ ग्रॅम, घनता सुमारे ०.८, लाकूड ओळखलेलं नाही. तळापासून ९ सेमीपर्यंत पुरल्याच्या खुणा. छातीवर वाहिलेल्या पदार्थांचा थर असावा, साफ केलेला नाही. भेग ४ मिमी, भरलेली नाही. युरोपात येण्याचं वर्ष: उत्तराची वाट.'

भेगेच्या मापापुढे तारीख घाला. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा आणि खाली लिहीत जा.